जुनी फियाट आणि सिल्लेवानीचा उतार

नागपूरहून सावनेर मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरलं, की सौंसरपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाटच आहे. सौंसरहून पांढुर्ण्याच्या दिशेला वळलं की थोड्याच अंतरावर जामसांवली. निद्रिस्त हनुमानाचं हे ठाणं विदर्भात घरोघर ठाऊक आहे, आणि गाडी, मग ती नवी असो की जुनी, मारुतीच्या दर्शनाला नेण्याची आपल्याकडे रीतच आहे. आजोबांची फियाट किंवा काकांची अँबेसिडर वर्षानुवर्षांनी शेडमधून काढून दुरुस्त केली, तर तिचा पहिला लांबचा फेरा असाच एखाद्या देवस्थानापर्यंत होतो. गाडी जाते, परत येते, आणि मालक समाधानाने सांगतो, की ब्रेक एकदम झकास आहेत. हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. सपाट रस्त्यावर साठ-सत्तर किलोमीटर गेल्याने ब्रेकबद्दल फारसं काही कळत नाही, कारण त्या रस्त्यावर ब्रेक अधूनमधून लागतो आणि मधल्या वेळात ड्रम निवांत थंड होतो. त्याच गाडीने सौंसरहून रामाकोना, उमरानाला करत छिंदवाडा गाठावं आणि परतीला सिल्लेवानी घाट उतरावा. ब्रेकची खरी हकीकत तिथे कळते.

हिशेब अवघड नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, छिंदवाडा ६७५ मीटरच्या आसपास. गाडी तीनशे मीटर खाली उतरते तेव्हा तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. चार माणसं आणि सामान धरून फियाटचं वजन १२०० किलो माना. ही ऊर्जा सुमारे ३५ लाख ज्यूल भरते. ताशी ६० किलोमीटर वेगातली तीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला साधारण १ लाख ६७ हजार ज्यूल जिरवावे लागतात. म्हणजे तीनशे मीटरचा उतार हा साठच्या वेगातून वीस-एकवीस वेळा गाडी उभी करण्याइतका आहे, आणि मध्ये विश्रांती नाही. यातला काही भाग हवा खाते, काही टायर आणि काही इंजिन, पण इंजिन गियरमध्ये असेल तरच. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे शहाणे अजूनही भेटतात. ते इंजिनचा वाटाही ब्रेकच्या माथी मारतात. चारही ड्रमचं बिडाचं लोखंड मिळून २० किलो भरलं आणि निम्मीच ऊर्जा त्यात गेली, तरी ड्रमचं तापमान जवळपास १९० अंशांनी चढेल. शिवाय ही वाटणी समान नसते. उतारावर आणि ब्रेक लागताना भार पुढच्या चाकांवर येतो, म्हणून पुढचे ड्रम याहून बरेच जास्त तापतात.

आता या आकड्यांच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवा. बाजारात मिळणारं डॉट ३ ब्रेक ऑइल कोरं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ निदान २३० अंशांना. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की प्रमाणानुसार ही मर्यादा डॉट ३ साठी १४० आणि डॉट ४ साठी १५५ पर्यंत खाली येते. आपल्याकडचे चार महिने पावसाचे, गाडी महिनोन्‌महिने उभी, आणि रिझर्व्हायरच्या झाकणाचं वायसर कडक होऊन चिरलेलं. अशा गाडीत ऑइल ओलं व्हायला फार काळ लागत नाही. तापलेल्या ड्रममधली उष्णता व्हील सिलिंडरमध्ये उतरते, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल फळीला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जाते. थोड्या वेळाने सगळं थंड झालं की ब्रेक पुन्हा नीट, आणि गॅरेजमध्ये तपासणीला काहीच सापडत नाही. घाटातल्या ‘अचानक ब्रेक फेल’च्या कथांमागे बऱ्याचदा हे साधं भौतिकशास्त्र असतं.

जुन्या गाडीचा ब्रेक कमी पडतो असं वाटलं, की हल्ली चर्चा थेट डिस्कवर जाते. ड्रम काढा, पुढे डिस्क बसवा, बूस्टर लावा, प्रश्न मिटला. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ज्याला आपण ब्रेकची मर्यादा म्हणतो, ती पुष्कळदा देखभालीची थकबाकी असते. ती फेडल्याशिवाय केलेली सुधारणा जुना दोष नव्या भागांखाली झाकते. आणि सुधारणा करायचीच, तर सुरक्षिततेत सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट डिस्क नाही. ती आहे मास्टर सिलिंडर.

थकबाकी कशी ओळखायची, ते पॅडलच सांगतं. गाडी उभी असताना पॅडल घट्ट दाबून मिनिटभर धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर कुठेच ओल दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजून ऑइल आतल्या आत मागे सरकतंय. पॅडल स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येत असेल, तर एकतर हवा, नाहीतर लायनर झिजून शू ड्रमपासून लांब गेलेत आणि ॲडजस्टमेंट बाकी आहे. ‘जुन्या गाडीला पंप मारावाच लागतो’ हे वाक्य इतक्या ठिकाणी, इतक्या विश्वासाने ऐकायला मिळतं, की ते कंपनीच्या पुस्तकात छापलंय की काय असं वाटावं. तसं ते कुठेच छापलेलं नाही. नीट लावलेला ड्रम ब्रेक पहिल्याच दाबाला, अर्ध्या प्रवासाच्या आत, टणक लागला पाहिजे.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरची हवा बघावी. मिस्त्री बऱ्याचदा ड्रम आधी खोलतो. मग व्हील सिलिंडर. त्याच्या टोकाचं रबरी बूट बोटाने किंचित उचला; आत ओल दिसली तर रबर गेलंय, आणि ते ऑइल लायनरवर उतरून त्या चाकाची पकड घालवतंय. असा लायनर पेट्रोलने धुऊन परत चढवतात. तो काही दिवस चांगला वाटतो, आणि तापला की आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. तो बदलायचाच. अधिक फसवा दोष म्हणजे चाक जाम राहणं. चार-पाच किलोमीटर गेल्यावर एकच ड्रम इतरांपेक्षा फार तापलेला असतो, जॅकवर घेतला तर हाताने फिरत नाही. इथे अंदाजाने भाग बदलत बसू नये. मास्टर सिलिंडरवरचा पाइपाचा नट सैल करा. चाक लगेच सुटलं तर दाब मास्टरमध्येच अडकलेला आहे. पॅडल आणि पिस्टन यांच्या मधल्या दांडीला मिलिमीटरभर मोकळीक नसली, की ऑइल परत रिझर्व्हायरमध्ये जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि ऑइल तापून फुगलं की ब्रेक आपोआप आवळत जातो. मास्टरकडचा नट सोडूनही चाक सुटलं नाही, पण त्याच चाकाचा ब्लीडर उघडताच सुटलं, तर दोष होज पाइपात आहे. बाहेरून काळाभोर, धडधाकट दिसणारा होज आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येताना मात्र वाट बंद. आणि ब्लीडर उघडूनही सुटलं नाही, तर सिलिंडरचा पिस्टन गंजून धरलाय किंवा शूची स्प्रिंग गेलीय. हे सगळं करायला एक पाना आणि अर्धा तास पुरतो. त्यापेक्षा न तपासता बदललेलं सामान कितीतरी महाग पडतं.

ड्रम काढताना आत जमलेली करडी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून द्यायची गॅरेजमध्ये सर्रास सवय आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात बसतात आणि कर्करोगासारखे परिणाम दशकांनी दिसतात. पूड ओल्या फडक्याने पुसावी, फडकं पिशवीत बांधून टाकावं, आणि गाडीच्या मालकाने निदान तेवढ्यापुरता आग्रह धरावा. फुप्फुसं मिस्त्रीची असतात.

ड्रम मुळातच कालबाह्य, त्यावर खर्च कशाला, असा आक्षेप येतो. इतिहास पाहिला तर त्यात तथ्य दिसतं. ड्रम ब्रेक लुई रेनोने १९०२ मध्ये रूढ केला. योगायोगाने त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्कचं पेटंट घेतलं होतं, पण धातुशास्त्र त्याच्या कल्पनेपर्यंत पोचायला अर्धं शतक लागलं. १९५३ मध्ये जॅग्वारने डिस्क लावलेल्या गाड्यांनी ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या डीएस मॉडेलला पुढे डिस्क दिल्या. आपल्या पद्मिनीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी बोलकी आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेली ही गाडी म्हणजे इटलीची फियाट ११०० डी. तिथे १९६६ मध्ये ११०० आर आली तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क मिळाल्या. आपल्याकडे जुनंच मॉडेल डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकापासून पद्मिनी अशी नावं बदलत, चारही चाकांचे ड्रम सांभाळत चालू राहिलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हा डिस्कची कल्पना या गाडीला परकी नाही. ती तिच्या इटालियन बहिणीला मिळाली आणि हिला मिळाली नाही, एवढंच.

पण याच इतिहासात आक्षेपाचं उत्तरही आहे. मुंबईच्या रहदारीत ड्रमवर हजारो टॅक्सी दशकानुदशकं थांबत राहिल्या. एकदाच करकचून थांबायचं असेल, तर नीट लावलेला ड्रम चाक लॉक करू शकतो, आणि चाक लॉक होण्याइतकी पकड आली की पुढची मर्यादा टायर आणि रस्त्याची असते. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.७ धरला, तर साठच्या वेगातून गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते, ऐंशीच्या वेगातून ३६ मीटरमध्ये. चालकाने दचकून पाय हलवायला एक सेकंद घेतला, तर त्यात अनुक्रमे आणखी १७ आणि २२ मीटरची भर. या आकड्यांत डिस्क-ड्रम कुठेच येत नाही. ते बदलतात टायरने. शेडमध्ये उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर कडक झालेलं असतं; बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. डिस्क जिथे निर्विवाद सरस आहे ती जागा वेगळी: वारंवार ब्रेक लावताना उष्णता उघड्यावर लवकर निघून जाते, आणि पाणी लागलं तरी पॅड ते पटकन पुसून काढतं. ड्रममध्ये शिरलेलं पाणी मात्र आतच राहतं. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी ओलांडलं, तर ड्रमवाल्या गाडीत पाय हलकेच ब्रेकवर ठेवून थोडं अंतर जावं लागतं, तेव्हा लायनर सुकतो. थोडक्यात, डिस्क ही घाट आणि पावसाची सोय आहे. ज्याची गाडी वर्षातून चारदा सावनेरपलीकडे जाणार, त्याला ती लागेलच असं नाही. जो छिंदवाड्याला नियमित जाणार, त्याने तिचा विचार जरूर करावा.

मास्टर सिलिंडरचा मुद्दा मात्र सगळ्यांना लागू आहे. १९५०-६० च्या रचनेत एकच पिस्टन, एकच रिझर्व्हायर आणि त्यातून चारही चाकांना जाणारी एकच वाट असते. एका चाकाचा पाइप फुटला, की चारही चाकांचा ब्रेक गेला. मागे उरतो फक्त हँडब्रेक, आणि तो धावत्या गाडीला थांबवण्यासाठी नव्हे, उभ्या गाडीला धरून ठेवण्यासाठी असतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना दुभागलेली यंत्रणा सक्तीची झाली, ती याच कारणाने. आता समजा, कोणी एकेरी सिलिंडर तसाच ठेवून पुढे भारीतल्या डिस्क बसवल्या. गाडी घाटात कमी तापेल, पण पन्नास वर्षांचा गंजका लोखंडी पाइप ज्या दिवशी सुटेल, त्या दिवशी त्या डिस्क शोभेच्या. उलट ड्रम तसेच ठेवून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, पुढच्या-मागच्या वाटा वेगळ्या केल्या, पाइप आणि होज नवे घातले, तर एक बाजू गेली तरी दुसरी थांबवते. खर्चही डिस्कच्या मानाने कमी. फक्त एक परीक्षा घेतल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नयेत: मोकळ्या जागेत गाडी उभी करून पुढचा एक ब्लीडर उघडा ठेवायचा आणि पॅडल दाबायचं. ते बरंच खोल जाईल, पण फळीला टेकण्याआधी मागची चाकं धरली गेली पाहिजेत. पुष्कळ रूपांतरांत पॅडलला तेवढी जागाच ठेवलेली नसते. मग दुहेरी सिलिंडर असूनही दुसरी वाट ऐन वेळी दाब धरत नाही.

डिस्कवाल्यांचं आणखी एक म्हणणं असतं, की दुसऱ्या गाडीचे कॅलिपर सहज बसतात, ब्रॅकेट करून घेतलं की झालं. बसतात हे खरं, पण ब्रेकमधला एक भाग बदलला की दुसरा हलतो. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीने पुढचा शू स्वतःच आवळला जातो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, आणि कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागतं. म्हणून मास्टरचा व्यास वाढवावा लागतो. तो १९ मिलिमीटरवरून २२ वर नेला, तर तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोर सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मग बूस्टर हवा. बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, म्हणजे इंजिन बंद करून उतरणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. बूस्टरने मागच्या ड्रमचाही दाब वाढतो. त्याला आवर घालणारा व्हॉल्व्ह नसेल, तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी भोवरा घेते. शिवाय ड्रमसाठीच्या मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या वाटेत राहिला तर पॅड सतत घासत राहतात. ही साखळी पुरी करायची तयारी असेल तरच डिस्कला हात लावावा. पुढे डिस्क आणि बाकी सगळं जुनंच, ही अर्धी सुधारणा नीट ठेवलेल्या ड्रमपेक्षा वाईट.

ऑइलचं एक राहिलं. जुनी गाडी, महिनोन्‌महिने उभी, मग ओल न शोषणारं सिलिकॉनचं डॉट ५ का घालू नये? उभ्या गाडीपुरतं ते तर्काला धरून आहे. पण ते डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही. घालायचं तर सगळी यंत्रणा खोलून, नवी रबरं बसवून. शिवाय शिरलेलं पाणी त्यात विरघळत नाही, तळाला साठतं आणि तिथे गंज धरतो. मला तरी डॉट ४ आणि दर दोन वर्षांनी ते बदलण्याची शिस्त हाच सरळ मार्ग वाटतो. बदलताना शूची ॲडजस्टमेंट आधी करायची आणि हवा मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढायची. काचेच्या बाटलीत थोडं ऑइल घेऊन ब्लीडरची नळी त्यात बुडवली, की प्रत्येक दाबाला निघणारे बुडबुडे मोजता येतात. सुरुवातीला जुनं ऑइल चहाच्या रंगाचं येतं. ते स्वच्छ आणि बुडबुड्यांविना येईपर्यंत थांबायचं, आणि तोवर रिझर्व्हायर रिकामा होऊ द्यायचा नाही.

शेवटचा आक्षेप जतनवाल्यांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. गाडी जशी होती तशी ठेवणं हेच तिचं मोल, मग दुहेरी सिलिंडर तरी का? कायदाही त्यांच्या बाजूला झुकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केलं. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर ती मिळत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, ती दहा वर्षं टिकते, आणि गाडी मेळावे, प्रदर्शनं, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. अशी गाडी मूळ ब्रेकवर ठेवण्याला मी हरकत घेणार नाही, कारण तिचा वापरच मर्यादित आहे. पण जिच्यातून घरची माणसं चार पदरी रस्त्यावरून, पुढे एबीएस लावलेल्या गाड्यांच्या मागे धावणार, तिची गोष्ट वेगळी. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस आहे. ओल्या रस्त्यावर पुढचा चालक पाय पूर्ण दाबून, गाडी ताब्यात ठेवून थांबेल. फियाटवाल्याला चाकं लॉक होण्याच्या धाकाने जोर आवरता घ्यावा लागेल. तिथे वेग कमी, अंतर जास्त आणि दुभागलेली वाट एवढी काळजी पुरेशी आहे. बदल करण्याआधी आरटीओत विचारून, लेखी नोंद करून घ्यावी. काढलेला मूळ मास्टर सिलिंडर ऑइलचा हात फिरवून, डबीत घालून, चिठ्ठी लावून ठेवावा. गाडी उद्या व्हिंटेज नोंदणीच्या वयाची झाली, की तोच पुन्हा लागणार आहे.